आरोलकरांची लॉगवही

पडदा वर जातो. चंदीगड, सन दोन हजारचा जानेवारी. एका मोठ्या वैद्यकीय संस्थेतला तळमजला, जिन्याखालची खोली. पूर्वी इथे फॉर्मॅलिनच्या बरण्या ठेवायचे, तो वास अजून भिंतींतून गेलेला नाही. डावीकडे गंजलेलं कपाट. मधे टेबल, टेबलावर फुगीर काचेचा कॉम्प्युटर, त्याच्या शेजारी पोथीएवढा मोडेम आणि त्यावर लाल दिव्यांची रांग. खिडकीबाहेर इतकं धुकं की चार हातांवरचा सायकलस्टँड दिसत नाही. टेबलाशी एक गृहस्थ बसलेत. गळ्याला तपकिरी मफलर, पाठ ताठ. ते पट्टी धरून वहीत रेघा आखतायत.

हे विश्राम आरोलकर. मूळचे वेंगुर्ल्याचे. वायुदलात अठ्ठावीस वर्षं बिनतारी संदेशांवर होते. शेवटची नेमणूक चंदीगडला झाली आणि पत्नी इथेच परिचारिका म्हणून नोकरीला असल्यामुळे निवृत्तीनंतर इथेच राहिले. पत्नी गेल्या. मग या संस्थेतल्या एका विभागानं त्यांना कंत्राटावर घेतलं. काम एकच, विभागाचं इंटरनेट सांभाळायचं. म्हणजे हा मोडेम फोनच्या तारेवरून रोज चारदा जोडायचा, आलेल्या ई-मेल छापून वर पाठवायच्या आणि वरून आलेल्या फ्लॉपीतल्या ई-मेल बाहेर पाठवायच्या.

त्यांची ही हकीकत सांगताना माझं तोंड अजून कडू होतं. पण सांगायला हवी.

मी त्या खोलीत रोज दुपारी बसायची. माझ्या कमरेचे व्यायाम त्याच संस्थेत दोन वाजता संपत आणि माझी मुलगी विनया, जी त्याच विभागात डॉक्टर आहे, ती संध्याकाळी मोकळी होई. मधला वेळ विश्रामरावांकडे. ते मला बाई म्हणायचे. वेंगुर्ल्याला आमच्या नाटक कंपनीचा मुक्काम असताना त्यांनी लहानपणी माझं काम पाहिलं होतं, तेही तिकीट न काढता, तंबूबाहेरच्या उंडीच्या झाडावर बसून. हे त्यांनी पहिल्याच दिवशी कबूल केलं आणि म्हणाले, "दुसरा अंक पुरा दिसला नाही बाई. फांदी मोडली."

त्या मोडेमचा आवाज मला कधी सोसला नाही. आधी डायलटोनचा स्वच्छ षड्ज, तिथवर ठीक. मग आकडे. आणि मग घसा बसलेल्या दोन गवयांनी एकमेकांच्या अंगावर ताना फेकाव्यात तशी ती किंचाळी. मी कानांवर शाल ओढून घ्यायची. विश्रामराव मात्र डोळे मिटून ऐकायचे आणि आवाजावरूनच सांगायचे, "लागला." नाहीतर, "नाही लागत, समोर गर्दी आहे."

पण त्यांचा खरा जीव होता तो लॉगवर. मोडेम जोडताना कॉम्प्युटर स्वतःशी जे पुटपुटतो ते सगळं एका फायलीत लिहून ठेवतो. वर वेळ, पुढे एक इंग्रजी ओळ. विभागातल्या कुणीही ती फाइल कधी उघडली नव्हती. विश्रामराव ती रोज वाचायचे आणि महत्त्वाच्या ओळी जाड वहीत पेन्सिलीनं उतरवायचे. शेजारी अर्थ, पुढे आपली आद्याक्षरं. वायुदलात वॉचवर, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीवर, बसलेला माणूस असंच करतो, म्हणाले. वरच्या मजल्यावर त्या वहीची चेष्टा चाले. आरोलकरांचं दासबोधाचं पारायण, असं एक जण म्हणायचा.

मला त्यांनी ती भाषा शिकवली. "हे बघा बाई. 'नो डायलटोन' म्हणजे दोष आपल्याच भिंतीत. 'बिझी' म्हणजे समोरचा दुसऱ्याशी बोलतोय. 'नो कॅरियर' म्हणजे त्यानं फोन उचलला, पण सूर जुळला नाही. 'टर्मिनेटेड बाय पीअर' म्हणजे तो रामराम करून गेला. आणि 'मोडेम हँगअप' म्हणजे रामराम न करताच तार तुटली."

"आमच्यात याला एक्झिट न घेता पळून जाणं म्हणतात," मी म्हटलं.

"एक्झिट इथे पण आहे," ते हसले. "दर वेळी शेवटची ओळ तीच. 'कनेक्शन टर्मिनेटेड' आणि खाली 'एक्झिट'. काहीही बिघडलं तरी शेवटी तेच येतं. वरचे डॉक्टर लोक तेवढंच वाचतात आणि म्हणतात, लाइन तुटली. अहो, मेलेल्या माणसाच्या कागदावर हृदय बंद पडलं असं लिहिलं तर तेवढ्यावर हेच लोक थांबतात का? कारण नेहमी दोन-तीन ओळी वर असतं. खालून वर वाचायचं."

विभागाचे प्रमुख डॉ. देवदत्त पारखी. त्यांच्याबद्दल आधी चांगलं सांगते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यासारखी नजर म्हणे उत्तरेत कुणाची नाही. माझं कमरेचं ऑपरेशन झालं तेव्हा दोनदा घरी आले, उशाशी बसून पदं म्हणायला लावली. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरतीला पहिला हात त्यांचा. असा माणूस. डिसेंबरात ते एकदा खाली आले आणि म्हणाले, "विश्रामराव, तो इंटरनेटचा पासवर्ड द्या जरा. घरी एखादं काम पडलं तर." इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा नियम स्पष्ट होता, एका खात्यावर एका वेळी एकच जोडणी. विश्रामरावांनी तसं सांगितलंही. पण मागणारा विभागाचा साहेब. चिठ्ठी लिहून दिली आणि वहीत तारीख-वेळ घालून नोंद केली, पासवर्ड सरांना दिला.

आता अपूर्वा. सैन्यातल्या एका मराठी अधिकाऱ्याची मुलगी, इथेच वाढलेली, मराठी सगळं कळे पण उत्तर हिंदीत. विभागात संशोधन करत होती. इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेची शिष्यवृत्ती होती, वयाच्या अटीत ती त्या वर्षापर्यंतच बसत होती. अर्ज विभागाच्या ई-मेल पत्त्यावरूनच, प्रमुखांच्या शिफारसपत्रासह यायला हवा होता. शेवटची मुदत मंगळवार, आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसहा.

शिफारसपत्र तिनं पंधरा दिवस आधी मागितलं होतं. पारखीसाहेबांनी ते मंगळवारी पावणेचारला दिलं, कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये सचिवांच्या बैठकीला निघताना, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही करत. ती धापा टाकत खाली आली, फ्लॉपी टेबलावर आणि सहीचं पत्र शेजारच्या स्कॅनरवर ठेवलं. "अंकल, हो जाएगा ना?"

"होईल गं," विश्रामराव म्हणाले आणि चार वाजून पाच मिनिटांनी नंबर फिरवला.

मोडेम लागला. सूर जुळला. आणि क्षणात तुटला. त्यांनी लॉग उघडला, बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं आणि वर सरकवत नेलं. एक्झिट. कनेक्शन टर्मिनेटेड. ऑथेंटिकेशन फेल्ड, म्हणजे ओळख नाकारली. आणि त्याच्या वर समोरच्या यंत्राचा निरोप: यू आर ऑलरेडी लॉग्ड इन, ॲक्सेस डिनाइड.

तुम्ही आधीच आत आहात.

"कौन है अंदर?" अपूर्वानं विचारलं.

"बघतो."

दर चार मिनिटांनी त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. दर वेळी तोच निरोप. दर वेळी वहीत वेळ आणि आद्याक्षरं. मधे खोलीतल्या दुसऱ्या फोनवरून कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन केला, कुणी उचलला नाही. मग दुसरा एक नंबर फिरवला, ऐकलं, ठेवला. पुन्हा फिरवला. तो नंबर त्यांनी पावणेपाच ते सहाच्या दरम्यान निदान दहा वेळा फिरवलेला मी पाहिला. दर वेळी चेहरा आणखी बंद होत गेला. अपूर्वा स्टुलावर बसून नखं खात होती. सहा वाजता तिनं पुन्हा विचारलं, "अंकल, पता चला कौन है?"

"शोधतोय," म्हणाले.

सहा एकेचाळीसला लागला. पहिल्याच खेपेला, लोण्यात सुरी जावी तसा. अर्ज सहा चव्वेचाळीसला गेला. चौदा मिनिटं उशिरा. अपूर्वा फ्लॉपी घेऊन निघून गेली. तिच्या स्कूटरचा आवाज धुक्यात विरेपर्यंत विश्रामराव तसेच बसून राहिले. मग तोच नंबर पुन्हा फिरवला, दोन शब्द बोलले, फोन ठेवला आणि म्हणाले, "साहेबांच्या घरचा फोन होता बाई. अडीच तास एंगेज. आत्ता लागला. वहिनी बोलल्या."

निशिगंधावहिनींची मुलगी जर्मनीत. तिला मुलगा झाला होता, त्याचे चाळीस फोटो तिनं धाडले होते. त्या काळात एक फोटो उतरायला चार-पाच मिनिटं लागत. बिचारी आजी चारपासून विभागाच्याच पासवर्डवर घरच्या स्क्रीनसमोर बसली होती, नातवाचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत हळूहळू खाली येताना बघत. तिच्यावर मी कसा राग धरू? तिला कुणी सांगितलंच नव्हतं की ती दारात उभी आहे आणि मागे कुणी खोळंबलंय.

"मग त्या पोरीला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "साहेबांचं घर इथून दहा मिनिटांवर. तिच्याकडे स्कूटर होती. पाच वाजता जाऊन आली असती."

त्यांनी पेन्सिल वहीवर आडवी ठेवली. "साहेबांच्या घराचं नाव त्यांच्या हाताखालच्या मुलीसमोर कसं घेऊ?" म्हणाले. "आमच्यात तसं करत नाहीत. आधी साहेबाला सांगायचं, एकट्याला. साहेब नव्हते."

मला शिसारी आली. त्यांची नाही. त्या रिवाजाची, जो अठ्ठावीस वर्षं एका चांगल्या माणसाच्या घशात कोंबत कोंबत इतका खाली गेला होता की एका मुलीचं आयुष्य वाहून चाललं असताना त्याच्या तोंडून चार शब्द फुटू नयेत. तेही हे जाणून होते. "ती चूक माझीच," म्हणाले आणि वहीत तसं लिहिलंसुद्धा.

बुधवारी इंग्लंडहून उत्तर आलं. अर्ज उशिरा आला आहे. मात्र उमेदवाराचा दोष नव्हता आणि उशीर कशामुळे झाला हे प्रमुखांनी लेखी कळवलं तर विचार करू. शुक्रवार, आपले दुपारचे साडेबारा, त्यानंतर नाही.

मला वाटलं, सुटलो. एक ओळ लिहायची, माझ्या घरून खातं वापरात राहिलं, क्षमस्व. विश्रामराव गुरुवारी लॉगची छापील पानं आणि वही घेऊन एकटेच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. काय झालं ते त्यांनी मला परतल्यावर सांगितलं. पारखींनी पान हातात घेतलं, तळाच्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, "कनेक्शन टर्मिनेटेड. म्हणजे लाइन तुटली. टेलिफोन एक्सचेंजवर ढकला."

"साहेब, तीन ओळी वर वाचा."

साहेबांनी वाचलं. मग वहीतली डिसेंबरची नोंद वाचली. मग उठून दार लावलं. पुढच्या महिन्यात त्यांची संस्थेतल्या वरच्या पदासाठी मुलाखत होती. सरकारी खात्याचा पासवर्ड घरी नेला, हे कागदावर यायला नको होतं. एक्सचेंजवाल्यांना विचारून झालं होतं, लाइन सुरळीत होती, ते खोटं लिहून देणार नव्हते.

त्या रात्री जेवताना विनया मला म्हणाली, "आई, तू यात पडू नकोस. माझी बढतीची फाइल सरांच्या टेबलावर आहे."

शुक्रवारी मी मुद्दाम सकाळीच तिच्याबरोबर गेले. सव्वाअकराला पारखीसाहेब स्वतः जिना उतरून खोलीत आले. हातात टाइप केलेलं पत्र, अंगाला अत्तराचा मंद वास, चेहऱ्यावर आरतीच्या वेळचं ते प्रसन्न हसू. माझी चौकशी केली. मग पत्र टेबलावर ठेवलं.

"विश्रामराव, एकच ओळ आहे. ऑपरेटर त्या वेळी जागेवर नव्हता, त्यामुळे अर्ज वेळेत गेला नाही. खाली तुमची सही, शेजारी माझी. पोरीचं काम होतं."

"माका जमाचा नाय, साहेब." कचेरीत त्यांच्या तोंडी मालवणी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

"अहो, त्यात काय एवढं? कोण फाशी देतंय?"

"चूक झाली असं लिहा, सही करतो. पासवर्ड सांभाळता आला नाही असं लिहा, तेही खरंच आहे. जागेवर नव्हता असं लिहू नका. मी अडीच तासांत लघवीलासुद्धा उठलो नाही."

"जागेवर होतात म्हटलं की पुढचा प्रश्न येतो. मग काय करत होतात? मग तुमचा तो लॉग मागतात."

"मागू देत."

पारखींनी उसासा टाकला आणि माझ्याकडे वळले. किती सहज वळले. "बाई, तुम्ही होतात ना मंगळवारी इथे? हे मधे चहाबिहाला बाहेर गेले होते का हो? गेले असतील. माणूस आहे."

दोन-दोन हजार लोकांपुढे मायक्रोफोन नसताना माझा शब्द शेवटच्या रांगेत पोचायचा. समोर राजा असो, खलनायक असो, भर सभेत त्याला खडे बोल सुनवायच्या भूमिका मी तीस वर्षं केल्या आणि टाळ्या घेतल्या. त्या जिन्याखालच्या खोलीत तीन माणसं होती. मी म्हटलं, "मला नीट आठवत नाही."

हे वाक्य मी कुणाला सांगितलं नव्हतं. लिहिताना आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहते आहे, आणि हात धुवावासा वाटतो.

विश्रामरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. दोनदा शब्द पुरवूनही नटीला उचलता आला नाही की विंगेतला प्रॉम्प्टर जसा बघतो, तेवढंच.

तेवढ्यात दार ढकलून अपूर्वा आत आली. रात्रभर झोपली नसावी. डोळे सुजलेले, मोजे दोन रंगांचे. "सर, लेटर हो गया? पौने बारा हो रहे हैं."

"होतंय, होतंय," पारखी म्हणाले. "विश्रामरावांचं ठरत नाहीये."

काय माणूस. किती सफाईनं सगळं ओझं त्यांच्या खांद्यावर सरकवलं. आता ती मुलगी विश्रामरावांकडे बघत होती, हात जोडल्यासारखे. "अंकल, प्लीज."

विश्रामरावांनी वहीची उघडी पानं बंद केली. पत्र पुढे ओढलं, शब्दन् शब्द वाचलं आणि सही केली. पूर्ण नाव, वायुदलातला हुद्दा आणि वेळ, अकरा पन्नास. त्या सहीवरच्या एका ओळीत त्यांच्या अठ्ठावीस वर्षांच्या सगळ्या वॉच पुसल्या गेल्या, हे त्या खोलीत तिघांना माहीत होतं आणि त्यातले दोघे गप्प होते.

"मोठं मन आहे तुमचं," पारखी म्हणाले. त्यांनी लगेच रुमालानं कपाळ टिपलं. "पाठवून टाका आणि वर या, चहा घेऊ. कंत्राटाचं काय ते नंतर बघू."

त्या दिवशी पत्र बारा बावीसला गेलं. अपूर्वाला शिष्यवृत्ती मिळाली, ती आता तिकडेच आहे. विश्रामरावांचं कंत्राट महिनाअखेरीस संपवलं, कारण लेखी होतं, जागेवर नसतो. नंतर ते सेक्टर चौतीसमधल्या एका क्लासच्या कॉम्प्युटरखोलीत काम करत होते आणि सहा वर्षांनी वारले. पारखीसाहेबांची निवड झाली. मराठी मंडळींनी त्यांना शाल घातली तेव्हा विनया पहिल्या रांगेत होती, तिची बढतीही झाली होती, आणि तिच्या शेजारी मी होते. मी टाळ्या वाजवल्या. सवयीनं वाजतात.

पण त्या शुक्रवारी अकरा बावन्नला विश्रामरावांनी सही केलेलं पत्र स्कॅनरवर ठेवलं, फाइल केली आणि नंबर फिरवला. मोडेम किंचाळला, सूर जुळला आणि क्षणात तुटला. त्यांनी लॉग उघडला. बोट तळाशी ठेवून वर नेलं आणि तीन ओळी वर थांबवलं. यू आर ऑलरेडी लॉग्ड इन. अपूर्वा त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. पारखींनी झटकन दुसरा फोन उचलून घरचा नंबर फिरवला. एंगेजचा टोन मला माझ्या खुर्चीपर्यंत ऐकू आला. पुन्हा फिरवला. तेच. मग त्यांनी फोन ठेवला आणि विश्रामरावांच्या हातात आपल्या गाडीची किल्ली सरकवायला लागले, हळू आवाजात म्हणत, "जरा जाऊन याल का?"

विश्रामरावांनी किल्ली टेबलावर ठेवली, साहेबांच्या बाजूला सरकवली. पाठ खुर्चीला टेकली नाही. आणि त्या मुलीसमोर, तिला स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी त्या खोलीतलं माझ्या कानांवर पडलेलं शेवटचं वाक्य उच्चारलं.

"साहेब, तुमच्या घरी तुम्हीच जा आणि वहिनींना लाइन सोडायला सांगा. मला जागेवरून हलता येत नाही."